इथे जन्मलेली ग्रेस, तिथे जन्मलेला सॅम्युअल

"बाळ इथे झालं, म्हणजे आता प्रश्न मिटला ना?"

लंडनमधल्या हाउन्सलोच्या सल्ला केंद्रात मी इतकी वर्षं काम केलं, पण हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेला तितका दुसरा कुठलाही नाही. विचारणारी बहुतेकदा नुकतीच बाळंत झालेली असायची. बाळ बग्गीत झोपलेलं, बग्गीच्या दांड्याला दोन-तीन पिशव्या लटकलेल्या आणि चेहऱ्यावर असा भाव, की उत्तर तर ठाऊकच आहे, फक्त कुणीतरी तसं तोंडानं म्हणावं. आणि मला सांगावं लागायचं, की नाही, मिटला नाही.

हे जरा सोपं करून सांगते, कारण या अंकाच्या वाचकांमध्येही पुष्कळांचा तोच समज असणार. या देशात जन्मलं म्हणून मूल ब्रिटिश होत नाही. पूर्वी व्हायचं, पण तो कायदा बदलूनही आता पुष्कळ वर्षं झाली. आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी ब्रिटिश हवा, नाहीतर इथे कायमचं राहायची परवानगी मिळालेला हवा. आश्रय मागायला आलेली बाई, जिचा अर्ज पडून आहे किंवा नाकारला गेला आहे, तिचं मूल तिच्याइतकंच अधांतरी. मात्र कायद्यानं मुलांसाठी दोन सोयी ठेवल्या आहेत. मूल सात वर्षं इथे वाढलं, तर 'आता याला इथून उचलून नेणं रास्त आहे का' असा प्रश्न त्याच्या वतीनं विचारता येतो. उत्तर काय यायचं ते अधिकाऱ्यावर आणि जज्जवर. दुसरी सोय जास्त पक्की. इथे जन्मलेलं मूल आयुष्याची पहिली दहा वर्षं इथेच राहिलं, तर 'मला ब्रिटिश म्हणून नोंदवून घ्या' असं ते म्हणू शकतं. आईबाप कोण, कसे आले, हे तिथे कुणी विचारत नाही. तो हक्क मुलाचा, एकट्याचा.

आपल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं. एजवेअरला एका घरी गणपतीच्या जेवणाला गेले होते. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता एक गृहस्थ म्हणाले, "हे असायलमवाले लोक मुलं जन्माला घालतात ती इथे राहायला मिळावं म्हणूनच." मी विचारलं, "तुमचा मुलगा कुठला?" म्हणाले, "इथलाच. इथल्याच हॉस्पिटलात जन्मला. ब्रिटिश आहे तो." मी विचारलं, "तेव्हा तुम्ही कशावर होता?" ते वर्क व्हिसावर होते, बायको डिपेंडंट. मी म्हटलं, "मग जन्मला तेव्हा तो ब्रिटिश नव्हता. तुम्हाला कायमची परवानगी मिळाल्यावर त्याची नोंदणी केलीत का?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं तुपाच्या भांड्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात दोघंही केंद्रात रीतसर नंबर लावून बसले होते, बगलेत फाइल. स्वभावानं चांगली माणसं. मुलाचं काम झाल्यावर त्यांनी पेढे आणले.

एक कुर्दिश न्हावी होता. त्यानं मुलीचं नावच लंडन ठेवलं होतं. म्हणाला, "अधिकारी फाइल उघडेल आणि नाव वाचेल तेव्हा त्याला लाज वाटेल, लंडनला लंडनमधून कसं काढायचं." मी त्याला म्हटलं की अधिकारी केस नंबर वाचतो, नाव नाही. त्याला ते पटलं नाही. पुढे त्याला राहायची परवानगी मिळाली ती वेगळ्याच कारणानं, पण श्रेय तो अजून मुलीच्या नावालाच देतो. मुलगी आता मोठी आहे आणि सगळ्यांना सांगते की मला लीना म्हणा.

माझं काम काय होतं, तेही सांगायला हवं. मी वकील नव्हे. इमिग्रेशनचा सल्ला द्यायला या देशात परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, तो माझ्याकडे होता. माणसाचं म्हणणं ऐकायचं, त्यातलं कायद्याला लागणारं आणि न लागणारं वेगळं करायचं, पुरावे जमवायचे, अर्ज लिहायचा. ट्रिब्युनलपर्यंत, म्हणजे अपिलापर्यंत, गेलं तर तिथे बॅरिस्टर बोलते आणि आपण तिच्या मागे बसून तिला हवं ते पान पुढे करायचं. केंद्र हाय स्ट्रीटच्या मागे, चर्चच्या हॉलला लागून. विमानतळ जवळच, त्यामुळे विमानं इतकी खालून जायची की दर थोड्या वेळानं बोलणं थांबवावं लागे. नवीन माणसं दचकून वर बघत. जुनी माणसं अर्ध्या वाक्यावर थांबत आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलू लागत.

रिसेप्शनला फ्लोरा बसायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, मुंबईहून लहानपणी आलेली, बेने इस्रायली ज्यू. घरात आता सगळे इंग्रजीच बोलतात, त्यामुळे तिची मराठी आईच्या तोंडून ऐकली तिथेच थांबलेली. ती माझ्याशी मराठीत बोलायची ते मुख्यतः समोरच्या माणसाला कळू नये म्हणून. "शैला, तुझी नसरीन आलीय गो. तोंड उतरलंय तिचं." मला आता नसरीनचीच गोष्ट सांगायची आहे.

नसरीन लाहोरची ख्रिश्चन. नवऱ्याचं छोटं दुकान होतं, त्या जागेवरून शेजाऱ्यांशी भांडण झालं. त्या भांडणाला धर्माचं वळण लागलं आणि लोक घरावर यायला लागले. नवऱ्यानं तिला आणि दोन वर्षांच्या मुलाला आधी पाठवलं. मागून मी येतो म्हणाला. काही महिने त्याचे फोन आले, मग यायचे बंद झाले. तो जिवंत आहे की नाही, हे तिला त्या वेळी माहीत नव्हतं आणि आजही नाही. विमानात बसताना तिला दिवस गेलेले होते. मुलगी इथे झाली. मुलगा सॅम्युअल, मुलगी ग्रेस.

आश्रयाचा तिचा अर्ज नाकारला गेला होता, तो माझ्याकडे यायच्या आधीच. नवऱ्याच्या बाबतीत जे घडलं त्याचा पुरावा तिच्याकडे नव्हता आणि तू पाकिस्तानातच दुसऱ्या शहरात जाऊन राहू शकतेस, असं तिला सांगण्यात आलं होतं. ती माझ्याकडे आली तेव्हा मुलं शाळेत जाणारी होती. तिघं एका खोलीत राहत. तिला काम करायची परवानगी नव्हती. ठरलेल्या दिवशी इमिग्रेशनच्या रिपोर्टिंग सेंटरला जाऊन 'मी आहे' असं सांगून यायचं. तिथून कधीकधी एखाद्याला परत सोडत नाहीत, हे तिनं ऐकलेलं. म्हणून जायच्या दिवशी ती खोलीची किल्ली फ्लोराकडे ठेवायची आणि शाळेच्या ऑफिसात फ्लोराचा नंबर देऊन ठेवलेला. संध्याकाळी किल्ली घ्यायला यायची तेव्हा फ्लोरा तिच्यासाठी चहा टाकायची.

आमचं बोलणं तिच्या उर्दूत आणि माझ्या मुंबईच्या हिंदीत व्हायचं. ती मला शैलाबाजी म्हणायची, म्हणजे शैलाताई.

सात वर्षांच्या नियमावर आम्ही अर्ज केला. दोन्ही मुलांची सात वर्षं भरली होती. अर्ज नाकारला गेला, म्हणून अपील केलं. ट्रिब्युनलचं नाव ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं कोर्ट येतं. प्रत्यक्षात ती ऑफिसातल्या मीटिंगची वाटावी अशी खोली असते, पाण्याचा जग असतो, जज्ज थोड्या उंचीवर बसतो इतकंच. आमचे जज्ज सभ्य होते. नसरीनला त्यांनी दोनदा विचारलं की थांबायचं आहे का, पाणी हवं का. सरकारी बाजूच्या तरुण मुलीनंही आवाज चढवला नाही. तिनं विचारलं, "मुलं तुमच्याशी घरात कुठल्या भाषेत बोलतात?"

नसरीन म्हणाली, "पंजाबीत."

"चांगली बोलतात?"

"हो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आईचा अभिमान होता. मी मागे बसून डोळे मिटले.

निकाल विरोधात गेला. जज्जनी लिहिलं की मुलं लहान आहेत, आईच्या भाषेत बोलतात, आईसोबतच जाणार आहेत, सुरुवातीला अवघड जाईल पण रुळतील. त्या वेळच्या कायद्यात तो निकाल बसत होता. दुसरा जज्ज असता तर कदाचित उलटा लागला असता, आणि तोही बसला असता. हे मला नसरीनला समजावून सांगता आलं नाही. तिनं एकच विचारलं, "मी भाषेबद्दल खोटं सांगायला हवं होतं का?"

"नाही."

"पण खरं सांगितलं म्हणून गेलं."

त्यानंतर काही महिने ती मुलांशी पंजाबी बोललीच नाही. मोडक्या इंग्रजीत बोलायची. 'इट', 'कम', 'नो टीव्ही'. सॅम्युअलनंच हे मला सांगितलं, केंद्रातल्या खुर्चीवर पाय हलवत. "मम्मी आता आमच्याशी टीचरसारखी बोलते. पण टीचरपेक्षा कमी शब्द." तो तेव्हा दहाएक वर्षांचा असेल. मी नसरीनला आत बोलावून सांगितलं, की असं करू नकोस. याचा केसला काडीचा फायदा नाही आणि घरात नुकसान आहे. ती म्हणाली, "त्यांनीच शिकवलं ना मला, की हीच चूक आहे म्हणून." पुढे ती परत पंजाबीकडे वळली, पण तोवर ग्रेसची सवय मोडली होती. ग्रेसला समजायचं सगळं. उत्तर मात्र ती इंग्रजीतच द्यायची.

निकालानंतर त्यांना कुणी नेलं नाही आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही. अशी माणसं इथे पुष्कळ असतात. ती शाळेच्या फाटकावर दिसतात, चर्चमध्ये, लायब्ररीत दिसतात, आणि आपल्याला काही कळत नाही. आम्ही ग्रेसचा दहावा वाढदिवस यायची वाट बघत होतो.

तो आला. मग आम्ही कामाला लागलो. मुलगी दहाही वर्षं इथेच होती, हे वर्षवार दाखवावं लागतं. नसरीननं एकही कपटा टाकला नव्हता. बाळाच्या तपासण्यांचं लाल पुस्तक, लशींच्या नोंदी, नर्सरीतला नाताळच्या नाटकाचा फोटो, त्यात ग्रेस मेंढी झालेली. शाळेचे सगळे रिपोर्ट. त्यामुळे माझं काम सोपं होतं. आणखी एक अट आहे जी ऐकून लोक हसतात. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं चारित्र्य चांगलं असावं लागतं. त्यासाठीचे प्रश्न मोठ्या माणसाला विचारतात तेच. मी एकेक वाचून दाखवत होते. ग्रेसनं विचारलं, "जेनोसाइड म्हणजे काय?" मी तिला थोडक्यात सांगितलं. ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "नो. मी केलेलं नाही."

मग तिनं विचारलं, "सॅमचा फॉर्म कुठे आहे?"

खोलीत आम्ही चौघं होतो. नसरीननं माझ्याकडे पाहिलं. हे मुलांना आधी सांगायचं तिनं टाळलं होतं.

मी म्हटलं, "सॅमचा हा फॉर्म नाही. त्याचा वेगळा, नंतर."

"का?"

"हा नियम इथे जन्मलेल्या मुलांसाठी आहे. सॅम लाहोरला जन्मला."

"त्याला लाहोर आठवतसुद्धा नाही. तो दोन वर्षांचा होता."

"कायदा ते विचारत नाही, ग्रेस."

"आम्ही एकाच शाळेत आहोत," ती म्हणाली. "तो माझ्या आधीपासून तिथे आहे. तो मला पहिल्या दिवशी वर्गात सोडायला आला होता."

 तिनं फॉर्म माझ्याकडे सरकवला. "मग मला नको."

नसरीन तिच्यावर ओरडली, पंजाबीत, जे माझ्यासमोर ती कधी करत नसे. ग्रेस उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं फ्लोरानं दार उघडून मान आत घातली. "शैला, पोरगी म्हणते भाऊ नाय तर मी पण नाय. खुर्चीवरून उठत नाय. मी काय बोलू तिला?"

तांत्रिकदृष्ट्या तिच्या नकारानं काही अडत नव्हतं. ती अल्पवयीन होती, तिच्या वतीनं आई अर्ज करू शकत होती. पण बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला तिला जावं लागणार होतं, आणि हट्ट धरून बसलेल्या मुलीला तिथे खेचत नेणं नसरीनला जमलं नसतं. मला तर ते करायचंच नव्हतं. मुलीचा हक्क तिच्याच मनाविरुद्ध बजावायचा, हे मला कसंसंच वाटत होतं. मी नसरीनला म्हटलं, आज राहू दे.

तेव्हा सॅम्युअल उठला.  तेरावं लागलेला, उंच, गणवेशाच्या बाह्या आखूड झालेल्या. तो बाहेर जाऊन बहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. आमच्या खोलीला पातळ भिंत होती. त्यांचं इंग्रजीतलं बोलणं मला अर्धं ऐकू आलं, अर्धं फ्लोरानं मागाहून सांगितलं.

"घे ना, स्टुपिड," तो म्हणाला.

"तुला मिळत नाही म्हणून मला नको."

"तुला नको म्हणून मला मिळणार आहे का?"

तिची खुर्ची करकरली.

"मी तिथे होतो," तो म्हणाला. "कोर्टात. तू बाहेर होतीस. ते म्हणाले, मुलं आईबरोबर जातील. आता तू ब्रिटिश झालीस तर त्यांना तसं म्हणता येणार नाही. तू जाणार नाहीस, म्हणून मम्मी जाणार नाही. मम्मी जाणार नाही, म्हणून मी जाणार नाही. तू घे, आणि मग आम्हाला ठेवून घे."

मी आणि बॅरिस्टरनं मिळून जो युक्तिवाद लिहायचं ठरवलं होतं, तो नेमका हाच होता. ग्रेस आत आली आणि नसरीनशेजारी बसून तिनं पुढचे प्रश्न ऐकून घेतले.

अर्ज मंजूर झाला. मुलांना शपथविधी नसतो, सर्टिफिकेट पोस्टानं येतं. नसरीननं ते प्लास्टिकच्या कव्हरात घालून केंद्रात आणलं, फ्लोराला दाखवलं, परत पिशवीत ठेवलं. पेढ्यांऐवजी तिनं गाजरहलवा आणला होता.

आता नसरीन एका ब्रिटिश मुलीची आई होती, तिचा एकमेव सांभाळ करणारी. त्यावर आम्ही तिचा आणि सॅम्युअलचा नवा अर्ज केला. तो विचाराधीन असताना एकदा शाळा सुटल्यावर ग्रेस एकटीच केंद्रात आली. मला वाटलं आईची वाट बघते आहे. ती म्हणाली, "ॲन्टी, एक विचारू? मी शाळेत काही वाईट केलं, म्हणजे डिटेन्शन वगैरे मिळालं, तर मम्मीला पाठवतील का?"

"नाही."

"पण ती माझ्यामुळे राहते आहे ना?"

मी तिला सांगितलं की तू कशीही वागलीस, तरी मम्मी तुझीच आई राहणार. तू भांड, नापास हो, शाळेची खिडकी फोड, याचा आणि मम्मीचा संबंध नाही. तिनं मान डोलावली, पण तिला पटलं नसावं. शाळेतली तिची शिक्षिका नसरीनला म्हणाली होती, की ग्रेस हल्ली फारच शहाण्यासारखी वागते, कुणाशी वादसुद्धा घालत नाही. कौतुक म्हणून सांगितलं होतं. मी नसरीनला ग्रेसचा प्रश्न सांगितला तेव्हा ती बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. काही दिवसांनी म्हणाली, "मी तिला सांगितलंय बाजी, एखाद दिवशी कुणाशी तरी भांडून ये म्हणून. ती म्हणते, कुणाशी?"

या कामातली मला सगळ्यात सलणारी गोष्ट हीच. आम्ही कायद्याच्या भाषेत लिहितो की मुलाच्या हितासाठी आईनं इथे असणं आवश्यक आहे. ते लिहावंच लागतं आणि ते खरंही असतं. पण मूल ते वाचतं, किंवा ऐकतं, आणि त्याला कळतं की घर आपल्या डोक्यावर उभं आहे. यावर मला कधी काही करता आलं नाही.

दोघांना परवानगी मिळाली. कायमची नव्हे. अडीच वर्षांची, मग पुन्हा अर्ज, मग पुन्हा अडीच वर्षं. नसरीन एका वृद्धाश्रमात कामाला लागली, आयलवर्थला. पहिल्या दिवशी युनिफॉर्म घालून फ्लोराला दाखवायला आली. सॅम्युअलला त्याच्या परवानगीची पाच वर्षं झाल्यावर कायमच्या मुक्कामासाठी अर्ज करता येणार होता. नसरीनला दहा वर्षं थांबायचं होतं. म्हणजे घरात सगळ्यात आधी पक्की झाली ती इथे जन्मलेली. त्यानंतर नंबर लहानपणी आणलेल्याचा. आणि दोघांना घेऊन आलेली, ती सगळ्यात शेवटी.

ग्रेस सोळा वर्षांची झाली त्या वर्षी लाहोरहून फोन आला. नसरीनची आई आजारी होती. म्हातारपणाचं विसरणं आधीपासून होतं, त्यात न्यूमोनिया झालेला. नसरीन रजा टाकून थेट केंद्रात आली. देश सोडून आल्यापासून ती आईला फक्त फोनच्या पडद्यावर भेटली होती.

"मी जाऊन येऊ का बाजी? आठ दिवस. भीती आहे, मला माहीत आहे. कुणाला कळू देणार नाही. रात्री उतरेन, आईजवळ बसेन, परत येईन."

भीतीचं ती बघून घेणार होती. पण मला दुसरंच सांगायचं होतं. तिची अडीच वर्षांची मुदत संपत आलेली, पुढचा अर्ज आम्ही केलेला आणि त्याचा निकाल यायचा होता. अर्ज चालू असताना माणूस देश सोडून गेला, तर त्यानं अर्ज मागे घेतला असं धरतात. मुदतही तोवर संपली, तर परत येता येत नाही. सॅम्युअलचंही तेच. त्याचा कायमच्या मुक्कामाचा अर्ज नुकताच गेला होता. आईची तब्येत लिहून कळवता येते, निकाल लवकर द्या अशी विनंती करता येते. ती आम्ही त्याच दिवशी केली. पण उत्तर कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

"गेलीस तर सगळं सुरुवातीपासून," मी म्हटलं. "आणि ती सुरुवात तिथून करावी लागेल, इथून नाही."

तिनं विचारलं, "तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतं?"

माझी आई ठाण्याला वारली तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या विमानात होते. तिकीट काढलं आणि गेले. मी नसरीनला तसं सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण ती फक्त "हं" म्हणाली. पुन्हा कुणी तोच सल्ला विचारला तर मी तोच देईन, कारण तोच बरोबर आहे. 

ग्रेसनं ठरवलं. घरात फक्त तिलाच जाता येत होतं. तिचं चर्च लाहोरच्या एका शाळेला मदत करतं, तिथे एक बाई जाणारच होत्या, त्यांच्यासोबत. नसरीन आधी नको म्हणाली, मग दोन दिवसांनी मुलीच्या व्हिसाच्या अर्जासाठी माझ्याकडे आली. ब्रिटिश पासपोर्टवर पाकिस्तानचा व्हिसा घ्यावा लागतो. त्या घरातल्या कुणालाही त्या दिशेला जायची परवानगी पहिल्यांदाच मागावी लागत होती. सॅम्युअल तिला विमानतळावर सोडायला गेला. सुरक्षा तपासणीच्या दोरीपर्यंत बॅग त्यानंच ओढली, असं नसरीन म्हणाली.

ग्रेस दहा दिवसांनी परत आली. आजी त्यानंतर महिनाभर होती.

नसरीनचा अर्ज मंजूर झाला तो आजी गेल्यावर. त्याच्या कागदांसाठी दोघी मायलेकी केंद्रात आल्या. माझी निवृत्ती जवळ आली होती, टेबल अर्धं रिकामं झालं होतं. नसरीन फ्लोराशी बोलायला बाहेर थांबली आणि ग्रेस माझ्यासमोर बसली. मी विचारलं, कसं होतं तिथे. तिनं गर्मीबद्दल सांगितलं, जिन्याबद्दल, शेजारणींनी तिचे केस हातात घेऊन बघितले त्याबद्दल. मग दाराकडे एकदा बघून म्हणाली, "मी तिथे खोटं बोलले, ॲन्टी. मम्मीला सांगितलंय मी. ती उठून चहा ठेवायला गेली. मला माहीत नाही ते बरोबर होतं का."

"काय झालं?"

"पहिल्या दिवशी मी खोलीत गेले तर नानी झोपलेली होती. मी तिचा हात धरला. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, नसरीन, आलीस? मला वाटलं सांगावं की मी ग्रेस आहे. सगळे सांगत होते, नानी, ही नसरीनची मुलगी आहे. ती माझ्याकडेच बघत होती. परत म्हणाली, आलीस ना?"

"मग?"

"मी हो म्हटलं. म्हटलं, आले."

बाहेर नसरीन फ्लोराला काहीतरी सांगत होती, फ्लोरा हसत होती.

"मग काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काही नाही," ग्रेस म्हणाली. "मला जवळ बसवून घेतलं, आणि मग तिला झोप लागली."